वापराचा रकाना

जालिंदर : नाही आण्णा, शब्द नुसता देऊन भागणार नाही. तो कोण कुणाला म्हणतं आणि कुठल्या वेळेला म्हणतं, तेही सांगा. त्यासाठीच शेजारी हा वापराचा रकाना आखलाय.

आकाराम : आरं, काल धरनं सात मलय शब्द दिलं तुला. सातीबी खणखणीत. बटनावर शब्द कोरायचाय का त्येची सोयरीक जमवायचीय?

जालिंदर : सोयरीकच समजा. मागच्या वेळी चौकशी न करता लग्न लावलं आणि फसलो. मुंबईच्या एका विद्वानांनी कोशातनं बत्तीस शब्द काढून दिले. आम्ही ते पत्र्यावर कोरले, पत्रा मशीनवर बसवला आणि मशीन पेटीत घालून बोटीनं मलायाला पाठवलं. तिकडच्या भातगिरण्यांच्या संघाचं उत्तर आलं की शब्द फारच उच्च आहेत, आमच्या मुलींना एकही कळत नाही.

मनुबाई : कुटल्या पोरी, पावनं?

जालिंदर : मशीनवर बसणाऱ्या, काकू. कुणी गिरणीत किती भात घातला तो आकडा त्या बटणांवर टाईप करतात. आकडा आधी मशीनच्या पोटात जातो. मशीन तो धरून ठेवतं. मुलीनं बघून बरोबर आहे म्हटलं की कार्डाला भोकं पडतात. ती कार्डं मग मोठ्या कम्प्युटरला घालायची.

आकाराम : कम्प्युटरला आपल्यात काय म्हंत्यात रं?

जालिंदर : संगणक.

मनुबाई : कोन म्हंतं?

जालिंदर : अजून कुणी नाही. सरकार म्हणतं.

आकाराम : आन त्यो तुमचा विद्वान मलायात कवा गेलता?

जालिंदर : गेले नव्हते. त्यांच्याकडे कोश होता.

आकाराम : मग आदीच माज्याकडं यायचं. साताऱ्यास्नं उंबरजेला यायला किती येळ लागतो? हितं कुनालाबी इचार, मलय फाडफाड कोन बोलतं म्हनून.

जालिंदर : आमच्या गेटवरचे वॉचमन नाथाजी, त्यांनीच तुमचं नाव सांगितलं. म्हणाले, लढाईत मलायात होता, झोपेतसुद्धा मलय बोलतो. तेव्हा मी साहेबांना शब्द देऊन बसलो की माणूस मी आणतो. मी सांगलीचा, कारखान्यात नवीन. चाळीस मशिनांची ऑर्डर आहे आणि आता ती माझ्या गळ्यात आहे. म्हणून म्हणतो, रकाना भरा.

मनुबाई : भरत्याल की. त्येंचीबी गडबड हाय, पन रविवारची. हायस्कुलात सत्कार हाय. कोट धोब्याकडनं आनलाय, बिल्लं चिंचंनं घासून ठिवल्यात. गेटावर फलक रंगवलाय, जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्सं.

आकाराम : ऱ्हाऊ दे गं.

मनुबाई : का ऱ्हाऊ दे? आन साडेतीन न्हवं. तीन वर्सं आठ म्हैनं. फलकवाल्याला म्या सांगितलं तर म्हनला, मावशी, येवडं मावत न्हाई.

जालिंदर : मी बसवलंय, काकू. हे बघा, त्या संघाला लागणारं प्रमाणपत्र. भाषांतरकाराचं नाव, आकाराम हवालदार. भाषा कोठे शिकलात, जपानी युद्धकैदी छावणी. किती काळ, तीन वर्षे आठ महिने. सकाळी आण्णांनी सांगितलं तसंच लिहिलंय. शेवटी फक्त सही राहिली.

मनुबाई : वाचून दावलंत, बरं वाटलं. आता चालू द्या. मी हितंच तांदूळ निवडत बसते. तुमच्यासाटी भात टाकायचाय.

जालिंदर : तर बटण आठवं. आकडा मशीनच्या आत घ्यायचा.

आकाराम : मासुक.

जालिंदर : कोण कुणाला म्हणतं?

आकाराम : कोन म्हंजी... शिपाई. आमाला. कोठडीत घालताना. मासुक, आत व्हा.

मनुबाई : शिपाई जपानी न्हवं?

आकाराम : जपानीच की.

मनुबाई : मग त्यो मलय कशापायी बोलंल?

आकाराम : शिकल्याला हुता. तू तांदूळ बग.

जालिंदर : लिहिलं. नववं, बाहेर.

आकाराम : कलुवार. सकाळच्या हजेरीला. कलुवार, समद्यांनी बाहिर या.

जालिंदर : दहावं, थांबा. मशीन कामात असलं की हा लाल दिवा लागतो.

आकाराम : तुंगू. जेवनाच्या रांगंत. लय गर्दी झाली की म्हनायचे, तुंगू, तुंगू. अजून उकळी आली न्हाई.

जालिंदर : उकळी?

आकाराम : आमटीला. कैद्यांची आमटी. पानीच निस्तं.

मनुबाई : पान्याला तरी उकळी यायचीच.

जालिंदर : अकरावं महत्त्वाचं आहे. चूक. आकडा चुकला की मशीन घंटी वाजवतं आणि हा दिवा लागतो. मागच्या पत्र्यावर जो शब्द होता तो म्हणे कोर्टातला होता. मुली घाबरून उठून गेल्या.

आकाराम : कोर्ट कशाला? सालाह. साधा शब्द हाय. ह्येच्यात राग न्हाई. समज, तू उलथनं असं उलटं धरलंस, तर हात धरून सांगायचं, सालाह, असं न्हवं, असं.

मनुबाई : उलथनं?

आकाराम : कैद्यांचा सैपाक कैदीच करायचे. पाळ्या हुत्या.

मनुबाई : हितं तर तुमाला चुलीपुढं कदी बसल्यालं बगितलं न्हाई.

आकाराम : तिथली पाळी झाली तेवडी पुरं झाली.

जालिंदर : सालाह. उलथनं चुकीचं धरल्यास. बरं झालं, हे त्यांना समजेल. आता जोडी आहे. कार्डांची पेटी रिकामी, पेटी भरली.

आकाराम : कोसोंग, पनुह. मडक्यात हात घालून बगायचं. तळाला नकं लागली की कोसोंग. तांदूळ मनगटाला टेकला की पनुह.

जालिंदर : छान. असंच पाहिजे. काल तुम्ही एकेका शब्दाला घटकाभर घेत होता, आज कसे भराभर येतायत. एकवीस नंबर वर घेतो, ते सोपं आहे. मिळवा. आधी एक आकडा आहे, त्यात आणखी घालायचा.

आकाराम : आनि घालायचा? तांबाह. ह्यो तर दिसातनं धा बाऱ्या कानावर पडायचा. थाळीतला भात सरत आला की ती इचारायची, तांबाह? आपन आडवा हात धरला, पुरं म्हनलं, तरी करवंटीचा डाव उपडा करायचीच. आन वर म्हनायची, येवड्यानं काय हुतंय, हाडं दिसत्यात.

जालिंदर : सावकाश सांगा, लिहितोय. तांबाह. थाळीतला भात संपत आल्यावर दुसऱ्यांदा वाढताना. ती विचारते.

मनुबाई : पावनं, पुन्यांदा वाचा.

जालिंदर : तांबाह. थाळीतला भात संपत आल्यावर, दुसऱ्यांदा वाढताना.

(मनुबाई सूप खाली ठेवते.)

मनुबाई : आवं, कैदेत दुसऱ्यांदा भात वाढायचे?

आकाराम : कवातरी. सनासुदीला.

मनुबाई : जपान्यांचा कुटला सन?

आकाराम : त्येंच्या राजाचा वाडदिवस असायचा.

मनुबाई : दिसातनं धा बाऱ्या?

जालिंदर : काकू, आण्णा, मी जरा स्टँडवर जाऊन सातारा गाडीची वेळ बघून येतो.

मनुबाई : गाडी पाचला हाय, तुमाला ठावं हाय. बसा. तुमच्या रकान्यानंच ह्ये बाहिर काडलंय, आता पुरा भरून न्या. मी मघाधरनं ऐकतीया. उकळी, उलथनं, मडकं, डाव. ह्यात कोठडी कुटं हाय? ह्ये तर सैपाकघर हाय. आन बाईमानसाचं हाय.

आकाराम : तू काय मनात आनतीस तसलं काय न्हाई.

मनुबाई : माज्या मनातलं मी मागनं बगते. तुमी तुमच्या मनातलं सांगा. पावनं, तुमाला म्हाईत न्हाई, म्हनून सांगते. मी शिराळ्याची. आमच्याकडं भात पिकतो, भातावरच वाडल्याली मी. लगीन हून हितं आले, साल न्हाई झालं तवर ह्येंची तार आली, बेपत्ता म्हनून. मग मास्तरांनी पेपरात वाचलं की जपानी लोकं कैद्यांला भात देत न्हाईत, कसल्या मुळ्या उकडून घालत्यात. त्याच दिवशी पालीच्या खंडोबापुढं नारळ ठिवला आन भात सोडला. म्हनलं, देवा, त्यांच्या पोटात भात जाईस्तवर माज्या पोटात जानार न्हाई. सोळा वर्साची हुते.

जालिंदर : आणि आण्णा येईपर्यंत?

मनुबाई : तीन वर्सं आठ म्हैनं. तार आल्या दिसापासनं ह्येंचं पत्र येईस्तवर.

आकाराम : त्येच तर मला जड गेलं, मने.

मनुबाई : काय जड गेलं? भात?

आकाराम : बोल. तुझा हक हाय. पन एकदा समदं ऐकून घे, मग बोल. बेचाळीस साल, जानेवारी. आमची सफरमैना पलटन. आमचं काम म्हंजी पूल उडवायचं, जपानी याच्या आदी. एक पूल आमी चौघांनी असा झ्याक उडवला की साहेब हुता तर त्यानं तिथंच बिल्ला लावला असता. धूर बसल्यावर बगतो तर आमी चौघं चुकीच्या काठाला.

जालिंदर : जपान्यांच्या बाजूला?

आकाराम : व्हय. पलटन पल्याड, आमी अल्याड. तिघं पवून गेलं. मला पवता येत न्हाई. दारात कृष्णा असून शिकलो न्हाई. मग रबराच्या झाडांतनं चालत सुटलो. त्ये रान समदं एकासारकं, रांगंवर रांग, कुटंबी उबं ऱ्हावा, तिथंच हाय असं वाटतं. तापानं फणफणलो. आठव्या दिवशी एका घराच्या पायरीवर पडलो. त्यांची घरं खांबावर असत्यात, शिडीनं चडायचं. एक बाई खाली आली, माज्याकडं बगितलं आन म्हनली, मासुक.

जालिंदर : आत ये.

आकाराम : पैला शब्द त्योच. तिचं नाव माक याम. माक म्हंजी आई. पन्नाशी उलटल्याली. नवरा न्हवता, एकुलती लेक बाळातपनात गेल्याली. चौथ्या दिवशी जपानी आलं, ह्यो कोन म्हनून. मी घाबरून नाव सांगून बसलो, आकाराम. ती लगीच म्हनली, आक्रम, माजा जावई, तापात वाचा गेल्या, निस्तं नाव तेवडं येतं.

मनुबाई : लेक खरंच मेल्याली हुती?

आकाराम : खंडोबाची आन. अंगनात माती दिल्याली हुती तिला. मी रोज झाडायचो तिथं.

मनुबाई : बरं. पुडं.

आकाराम : पुडं काय. तवापासनं मी मुका. वाडीत कुनी हाक मारली तरी निस्तं आं आं करायचं. तोंड उगडायचं ती एकच जागा, चुलीपुढं, दार लावून. तीन वर्सं आठ म्हैनं मी तिच्या चुलीपुढं बोललो. म्हनून मला मलय बाजारातली येत न्हाई, कचेरीतली येत न्हाई. पोरांला आई जे बोलती, तेवडीच येती.

जालिंदर : आणि फौजेला हे माहीत आहे?

आकाराम : फौजेच्या कागदावर समदं खरं लिवलंय. पूल उडवला, पलटनीपासनं तुटला, गावात लपला. साहेबानं पाठ थोपाटली. त्येला त्यात काय वंगाळ दिसलं न्हाई.

मनुबाई : मग घरालाच तेवडं खोटं का?

आकाराम : घरी आलो ती सांज आटव. बोटीवर समदी सुटल्याली कैदी, त्यांच्यातच मी. स्टँडवर हार घालताना गावानं मलाबी कैदी केलं, मी निस्तं न्हाई म्हनलो न्हाई. म्हनलं, घरात सांगू. घरात आलो तर आईनं दोन ताटं मांडल्याली. तुज्या ताटात भात वाडला आन मला म्हनली, पोरा, तुला तिकडं भात न्हाई म्हनून ह्या पोरीनं इतकी वर्सं भाताला हात लावला न्हाई. तू रडत रडत जेवलीस, आई रडली, शेजारच्या बाया रडल्या. तवा मी काय सांगायचं हुतं? की मी दोनी टायमाला भात खात हुतो, आन वर तांबाह?

मनुबाई : त्या सांजला न्हाई. दुसऱ्या दिवशी सांगायचं.

आकाराम : दुसऱ्या दिवशी लोकं इचारायला आली, जपान्यांनी लय मारलं का रं? मी गप बसलो. आपन गप बसलं की लोकं आपल्या मनानंच भरत्यात. आठवड्यात माजी एवडी कैद झाली की मलाच भ्या वाटायला लागलं.

मनुबाई : आन पाय? बंदुकीचा दस्ता घालून मोडला म्हनला त्यो?

आकाराम : ऱ्हाऊ दे की आता पाय.

मनुबाई : पाय ऱ्हाऊ द्यायचा न्हाई. माजं समदं त्या पायात हाय.

आकाराम : नारळाच्या झाडावरनं पडलो.

जालिंदर : आण्णा.

आकाराम : हसू नगंस. तिला दुधाला नारळ पायजे हुता, भातात घालायला. ती म्हनत हुती, नगं चडू, पाऊस झालाय. मी चडलो.

मनुबाई : त्रेचाळीसच्या पावसाळ्यात.

आकाराम : व्हय, त्येवडं खरं सांगितलं हुतं तुला.

मनुबाई : त्येवडंच खरं सांगितलं, आन त्येवड्यानंच माजा जीव खाल्ला. पावनं, तुमी परके हाय, म्हनूनच बोलवतंय. त्रेचाळीसला नागपंचमीला मी म्हायेरी शिराळ्याला गेले. दारावरनं नागाची मिरवनूक गेली, आई ववाळून आत आली आन म्हनली, पोरी, चार घास खा, देवाला कळतंय. वाफेचा भात. घरच्या शेतातला. मी खाल्ला.

आकाराम : तू?

मनुबाई : मी. आन ताट सरल्यावर आईला म्हनले, वाड. दुसऱ्यांदा. तिनं इचारलंबी न्हाई, मीच ताट पुडं केलं.

आकाराम : मग आईनं माज्या म्होरं कसं सांगितलं की...

मनुबाई : तुमच्या आईला कुटं ठावं? मीबी गप बसले. आपन गप बसलं की लोकं भरत्यात, आत्ता तुमीच म्हनला. त्या सांजला मी रडले ती काय भातासाटी न्हाई. तुमी दारातनं लंगडत आलासा. कवा झालं म्हनून इचारलं, तर म्हनला, त्रेचाळीसच्या पावसाळ्यात. मी मनात म्हनले, घ्या, मी दुसऱ्यांदा वाडून घेतलं त्येनंच ह्येंचा पाय मोडला. अठ्ठावीस वर्सं दर चंपाषष्ठीला मी अनवानी पालीला जाती, ती कशापायी असं वाटलं तुमाला?

आकाराम : मला वाटलं, मी जिता आलो म्हनून.

मनुबाई : त्येच्यासाटी एक बारी पुरं झाली असती.

जालिंदर : काकू, नारळाचं झाड आणि तुमचा भात, यांचा काही संबंध नाही.

मनुबाई : त्ये आज कळलं, तुमच्या बटनामुळं. न्हाईतर ह्या डिसंबरातबी गेले असते. रस्त्याला आता नवी खडी टाकल्या, लय टोचती.

आकाराम : मने, मी...

मनुबाई : थांबा जरा. पावन्याची गाडी पाचला हाय. किती बटनं ऱ्हायली?

जालिंदर : खरं तर बरीच आहेत, पण तीन नडलीयेत. बाकीची मी उद्या पुन्हा येऊन घेतो. पहिलं, पुसा. चुकीचा आकडा टाकून झाला की हे दाबायचं.

आकाराम : पादाम. राती दिवा इजवताना म्हनायची.

मनुबाई : ह्ये दाबलं की मागचं समदं जातं व्हय?

जालिंदर : नाही काकू. हातातल्या कार्डाचं जातं. आधीच्या कार्डांना भोकं पडली ती पडली.

मनुबाई : मग फार कामाचं न्हाई. पुडचं?

जालिंदर : साठवा. आकडा मशीननं आत धरून ठेवायचा, मागितला की परत द्यायचा.

आकाराम : सिंपान. तिकडंबी भाताचा तुटवडाच हुता, मने. मास्तरानं वाचलं त्ये काय समदं खोटं न्हवतं. जपानी घराघरातनं तांदूळ उचलून न्यायचं. लोकं खरंच मुळ्या उकडून खायची. माक याम मडक्यात तांदूळ भरून चुलीखालच्या मातीत पुरायची आन मला म्हनायची, सिंपान. म्हंजी जपून ठिव, कुनाला दावू नगं. स्वता मुळ्या खायची. तांबाह माज्या थाळीत.

मनुबाई : ती स्वता खात न्हवती?

आकाराम : मला वर्सभरानं कळलं. म्हनायची, मला भात पचत न्हाई.

मनुबाई : म्हंजी तिकडं एक आन हिकडं एक. दोघींनी भात सोडला आन मधी तुमी जेवला.

आकाराम : व्हय. असंच म्हन.

मनुबाई : मीच म्हनती. लिवा पावनं, सिंपान. कोन कुनाला, त्येबी लिवा.

जालिंदर : लिहिलं. शेवटचं. हा दिवा पेटता असला की मशीनला आकडा अजून आठवतोय असं समजायचं. म्हणजे आठवण.

आकाराम : इंगात.

जालिंदर : वापर?

आकाराम : त्यो एकदाच ऐकला. पंचेचाळीसला इंग्रज परत आलं. मी फौजेत हजर व्हायला निगालो. तिनं लेकीच्या मातीवर पानी घातलं, माज्या टावेलात भाताचा उंडा बांदून दिला, शिडीपतुर आली. शिडी उतरली न्हाई. वरनंच म्हनली, इंगात. आटवन ठिव.

जालिंदर : मग पत्र वगैरे?

आकाराम : न्हाई. पत्ता तोंडपाठ हुता, अजून हाय. पन मी पत्र लिवलं असतं तर तिचं उत्तर आलं असतं. पोस्टमन त्ये परमुलखाचं पत्र चावडीवर समद्यांला दावनार. मग कैदेतली बाई कोन म्हनून गाव इचारनार, आन ही इचारनार. म्हनून न्हाई लिवलं. एक खोटं सांबाळायचं तर बाकीचं तोंड शिवावं लागतं. तिकडं मुका ऱ्हायलो त्ये तिच्यासाटी, हितं मुका ऱ्हायलो त्ये मलाच वाचवायला.

मनुबाई : असंल का ती?

आकाराम : असली तर ऐंशीच्या म्होरं. नसंलच.

मनुबाई : पत्ता पावन्याला सांगा. पेटीत मशिनासंगट कागद घालून देत्याल. नसली तर नसली. शेजारीपाजारी कुनी वाचंल.

जालिंदर : घालतो, काकू. त्याला कुणाला विचारायचंही कारण नाही.

आकाराम : आन रविवारी? फलक रंगवून झालाय. मी स्टेजवर उबा ऱ्हाऊन काय सांगू?

मनुबाई : पोरांला पूल सांगा, चुकीचा काठ सांगा. नारळाचं झाड सांगा, त्यास्नी लय आवडंल. दर वर्सी तुमी कैद सांगता तवा मागच्या रांगंतली पोरं झोपत्यात, मी बगितलंय.

आकाराम : गाव हसंल.

मनुबाई : हसू द्या. कोट धुऊन आल्याला हाय, त्यो घालूनच सांगा.

जालिंदर : आण्णा, मग हे प्रमाणपत्र. भाषा कोठे शिकलात, इथं मी छावणी लिहिलंय. संघाला तसं काही फरक पडणार नाही. ठेवलं तरी चालेल, खोडलं तरी चालेल. तुम्ही म्हणाल तसं.

आकाराम : खोड.

जालिंदर : आणि काय लिहू?

आकाराम : माक यामचं सैपाकघर.

जालिंदर : एवढंच?

आकाराम : येवडंच. सही कुटं करू?

जालिंदर : इथं, खाली. थांबा, पुढचा रकाना राहिला. किती काळ, तीन वर्षे आठ महिने. ही मुदत छावणीची म्हणून लिहिली होती. हीपण खोडू?

मनुबाई : ती नगा खोडू, पावनं. ती मी मोजल्याली हाय.